डबलसीट, पण विमा कुणाचा?

मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्यांचं कॉलेज दोन टप्प्यांत होतं. घर ते स्टेशन हा पहिला टप्पा आणि लोकल हा दुसरा. दुसऱ्या टप्प्याबद्दल आपण सगळेच भरभरून बोलतो, पहिल्याबद्दल कुणी काही बोलत नाही. शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायला नको म्हणून कितीतरी जण स्टेशनपर्यंत बाइक किंवा स्कूटर काढतात, आणि मागे बहुतेक वेळा कुणीतरी असतंच. पेट्रोल निम्मं-निम्मं. गाडी बाबांची, नाहीतर दादाची. नंबर प्लेट एमएच-०४ ची, कारण मीरा-भाईंदरला स्वतःचा एमएच-५८ हा नंबर मिळाला तो २०२५ मध्ये.

आता एक प्रश्न. पावसात काशीमिऱ्याच्या सिग्नलजवळ ही गाडी घसरली. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. मागे बसलेल्या मित्राचा पाय मोडला. त्याच्या हॉस्पिटलचं बिल तुमच्या गाडीचा इन्शुरन्स देईल?

हा प्रश्न ग्रुपवर टाकून बघा. उत्तर ठरलेलं असतं, की इन्शुरन्स आहे ना, मग मिळणारच. खरं उत्तर मात्र ‘बहुधा नाही’ असं आहे. ते तसं का, हे शोधायला गेलं की आपण थेट दिल्लीतल्या रस्ते वाहतूक मंत्रालयात, सुप्रीम कोर्टात आणि खासगी विमा कंपन्यांच्या ताळेबंदात जाऊन पोहोचतो.

तिसरा माणूस म्हणजे कोण?

गाडीचा विमा सक्तीचा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा सक्ती फक्त ‘थर्ड पार्टी’ विम्याची असते. पहिला पक्ष तुम्ही, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ मध्ये ही सक्ती आहे. रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना तुमची बाइक लागली, तर त्यांना भरपाई द्यायला पैसेवाला कुणीतरी हवा, म्हणून हा विमा. तुमची गाडी फुटली, चोरीला गेली, जळली, तर त्यातून एक रुपया मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ विमा वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही एकत्र घेतले की ती पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी.

मग बाइकवर मागे बसलेला मित्र तिसरा पक्ष नाही का? सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध तिलक सिंग या खटल्यात सांगितलं, की कायद्याला हवी तेवढीच किमान पॉलिसी असेल तर दुचाकीवर मागे बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. पॅकेज पॉलिसीत मात्र तो धरलेला असतो, हे विमा नियामक इर्डाने २००९ मध्ये कंपन्यांना स्पष्ट कळवलं. म्हणजे तुमच्या गाडीच्या कागदावर ‘लायबिलिटी ओन्ली’ लिहिलंय की ‘पॅकेज’, यावर मागच्या माणसाचं बरंच काही ठरतं. (चूक समोरून आलेल्या ट्रकची असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो ट्रकच्या विम्यातून भरपाई मागू शकतो.)

आणि गाडी चालवणारे तुम्ही? विम्यासोबत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं, २०१८ मध्ये ही रक्कम वाढवून इतकी केली गेली. पण त्याचं नावच ‘ओनर-ड्रायव्हर’ आहे. मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच ते लागू. गाडी बाबांच्या नावावर आणि चालवताय तुम्ही, तर ते १५ लाख तुमच्यासाठी नाहीत. कॉलेजच्या पार्किंगमधल्या किती गाड्या विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या नावावर असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

दर ठरतो दिल्लीत

१५० सीसीपर्यंतच्या बाइकचा वर्षभराचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये, ही रस्ते वाहतूक मंत्रालयाने १ जून २०२२ पासून लागू केलेली रक्कम. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साधारण ८४३ रुपये. ७५ सीसीपर्यंतच्या गाडीला ५३८, दीडशे ते साडेतीनशे सीसीला १,३६६ आणि त्यावरच्या बुलेट-बिलेटला २,८०४. इलेक्ट्रिक दुचाकीला १५ टक्के सूट. कंपनी सरकारी असो की खासगी, वेबसाइट निळी असो की पिवळी, हा आकडा सगळीकडे सारखाच. ‘आमच्याकडे थर्ड पार्टी सर्वांत स्वस्त’ असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकून हसा आणि पुढे जा.

विमा क्षेत्र खुलं होऊन पाव शतक झालं, तरी या एका गोष्टीचा भाव अजून सरकारच ठरवतं. त्यामागे बराच इतिहास आहे आणि त्याचा मोठा भाग आपल्या शेजारी मुंबईतच घडलाय. दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये मुंबईत सुरू केलेली न्यू इंडिया अॅश्युरन्स ही मुळात खासगी कंपनी. १९७१ मध्ये सरकारने सर्वसाधारण विमा कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला आणि १ जानेवारी १९७३ पासून देशातल्या १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. पुढे मल्होत्रा समितीने १९९४ मध्ये खासगी कंपन्यांना परत येऊ द्या असं सुचवलं, १९९९ मध्ये इर्डाचा कायदा झाला आणि २००० च्या अखेरीपासून खासगी कंपन्या पुन्हा बाजारात उतरल्या.

आल्या खऱ्या, पण दर ठरवायचं स्वातंत्र्य त्यांना नव्हतंच. ते १ जानेवारी २००७ ला मिळालं, आणि तेही अर्धं. ओन डॅमेजचे दर मोकळे झाले, थर्ड पार्टीचे नियामकाच्या हातात राहिले. माझ्या मते आजच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या अर्ध्या सुधारणेत आहे. ज्या भागात नफा आहे तिथे हवी तशी स्पर्धा करा, ज्या भागात तोटा आहे तिथे आम्ही सांगू त्या भावाने विका.

तोटा का, हे समजायला एक हिशेब करूया. समजा तुमच्या बाइकने २२ वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला आणि पूर्ण चूक तुमची ठरली. तो महिना १५ हजार कमवत होता, लग्न झालेलं नव्हतं. भरपाई कशी मोजायची याची पद्धत सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिलीय. वर्षाचे १ लाख ८० हजार. नोकरी किंवा धंदा पुढे वाढला असता म्हणून त्यावर ४० टक्के, झाले २ लाख ५२ हजार. अविवाहित म्हणून निम्मे स्वतःवर खर्च केले असते असं धरून उरले १ लाख २६ हजार. या वयाचा गुणक १८. एकूण २२ लाख ६८ हजार. अंत्यविधी वगैरेंची ठरावीक रक्कम आणि व्याज वेगळं. ७१४ रुपयांच्या हिशेबाने हा एक दावा भागवायला सव्वातीन हजारांच्या आसपास बाइकवाल्यांचा वर्षाचा हप्ता लागतो.

मीरा-भाईंदरच्या अपघातांचे असे दावे ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. तिथे मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. २०१६ च्या मोटार वाहन दुरुस्ती विधेयकात ती आणायचा प्रयत्न झाला होता, कंपनीने मृत्यूला जास्तीत जास्त १० लाख आणि गंभीर दुखापतीला ५ लाख द्यावेत, असा. २०१९ च्या कायद्यात मात्र ही मर्यादा आली नाही. बरंच झालं. वरचा हिशेब पाहिला तर १० लाखांच्या वरचे पैसे मुलाच्या आईवडिलांनी गाडीवाल्याच्या मागे लागून वसूल करायचे, असा त्याचा अर्थ झाला असता. पण कंपनीच्या खुर्चीत बसून पाहिलं, तर विकायचा भाव दुसऱ्याने ठरवलेला आणि खर्चाला तळ नाही.

काशीमिऱ्याचे ट्रक

कंपन्यांनी अशा वेळी काय केलं असेल? टाळाटाळ. ही टाळाटाळ बाइकपेक्षा ट्रकच्या बाबतीत जास्त. अहमदाबाद हायवेवरून आपल्याकडे येणारे ते अजस्र ट्रक तुम्ही रोज पाहता. अशा गाडीने अपघात केला की दावा मोठा. २००७ मध्ये बाकीचे दर खुले झाल्यावर ट्रकवाल्यांना थर्ड पार्टी विमा मिळेनासा होईल, या भीतीने व्यावसायिक वाहनांसाठी एक पूल केला गेला. (वर्सोव्याचा नाही, पैशांचा.) कुठल्याही कंपनीने ट्रकचा विमा काढला तरी तोटा सगळ्यांनी बाजारातल्या आपापल्या वाट्याप्रमाणे वाटून घ्यायचा.

कॉलेजमध्ये ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही याचा शेवट सांगायची गरज नाही. तोटा सगळ्यांचा म्हटल्यावर नीट तपासून पॉलिसी द्यायची कुणाला पडली होती? दावे लढवायचे कुणी, खोटे दावे पकडायचे कुणी? मार्च २०११ मध्ये नियामकाने हिशेब मांडला आणि कंपन्यांना सांगितलं, की या पूलसाठी १५३ टक्क्यांच्या दराने तरतूद करा. म्हणजे १०० रुपये हप्ता गोळा झाला असेल तर दाव्यांसाठी १५३ रुपये बाजूला ठेवा. आधीच्या चार वर्षांचा फरक एकदम भरायचा होता. नव्याने उभ्या राहिलेल्या खासगी कंपन्यांच्या नफ्याला त्या वर्षी मोठा खड्डा पडला. एप्रिल २०१२ पासून तो पूल मोडीत निघाला.

खासगी कंपन्या त्यातून एक धडा शिकल्या. थर्ड पार्टी जेवढं कायद्याने विकावंच लागतं तेवढं विकायचं (तो किमान कोटाही नियामकाने ठरवून दिलेला आहे) आणि कमाई दुसरीकडे शोधायची. ती दुसरी जागा म्हणजे शोरूमचं काउंटर. नवी गाडी, पॅकेज पॉलिसी, झिरो डेप्रिसिएशन, रोडसाइड असिस्टन्स. डीलरचाही त्यात रस असतो. एजंटला थर्ड पार्टीवर जेमतेम अडीच टक्के कमिशन आणि पॅकेजवर पंधराच्या घरात, असा फरक बरीच वर्षं होता. एप्रिल २०२३ पासून नियामकाने या मर्यादा काढल्या आणि कंपनीच्या एकूण खर्चावरच मर्यादा ठेवली. २०१७ नंतर आलेल्या अॅको, डिजिट यांसारख्या कंपन्यांनी तर मोबाइललाच काउंटर केलं.

सरकारी कंपन्यांना असं निवडून खाता आलं नाही. चारपैकी नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया यांना तगवायला २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत केंद्र सरकारने १७,४५० कोटी रुपये घातले. ते पैसे करातून आले. तुमच्या ७१४ रुपयांच्या हप्त्याच्या मागे तेही आहेत.

पाच वर्षांचा विसर

आता आपल्या पिढीला सगळ्यांत जास्त लागू होणारी सुधारणा. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते सुरक्षेसाठी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली होती. मोडलेली हाडं जोडता जोडता कोर्टात गेलेला हा माणूस. त्याच प्रकरणात कोर्टाने नेमलेल्या समितीने सांगितलं, की देशातल्या १८ कोटी गाड्यांपैकी जेमतेम ६ कोटींकडे थर्ड पार्टी विमा आहे. लोक नवीन गाडीचा विमा काढतात आणि पुढच्या वर्षी विसरतात. २० जुलै २०१८ ला कोर्टाने आदेश दिला, की १ सप्टेंबरपासून नव्या कारला एकदम तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला एकदम पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा.

हेतू चांगलाच होता. खासगी कंपन्यांच्या हाती पाच वर्षांचे पैसे एकदम आले, पण पाचव्या वर्षी कोर्ट किती भरपाई देईल हे आजच ओळखायचं ओझंही आलं. त्यामुळे दर बघा: १५० सीसीपर्यंतच्या बाइकचा पाच वर्षांचा हप्ता ३,८५१ रुपये. ७१४ ला पाचने गुणलं तर येतात ३,५७०. एकदम घेतल्यावर स्वस्त पडायला हवं, इथे उलट २८१ रुपये जास्त, कारण पुढे दर वाढतील असं गृहीत धरलेलं. २०२३ आणि २०२४ मध्ये मात्र बाइकचा वार्षिक दर जिथल्या तिथे राहिला. खरं तर २०१९ मध्ये हाच दर ७५२ होता, २०२२ मध्ये तो कमी झाला. पगार वाढतात, हॉस्पिटलची बिलं वाढतात, त्याबरोबर भरपाईही वाढते, आणि हप्ता उतरतो. दुचाकीवाला मतदार संख्येने केवढा मोठा आहे हे मंत्रालयाला माहीत असणारच.

पण खरी गोम पुढे आहे. पाच वर्षं फक्त थर्ड पार्टीची. शोरूममधून मिळणाऱ्या नेहमीच्या पॉलिसीत ओन डॅमेज एकाच वर्षाचं असतं. घरी समज असा, की पाच वर्षांचा इन्शुरन्स काढलाय. दुसऱ्या वर्षी स्टेशनबाहेरून स्कूटर चोरीला गेली की मग कळतं. ओन डॅमेज वेगळं घेता येतं, १ सप्टेंबर २०१९ पासून तशी सोय आहे, आणि ते दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतं. शोरूममध्ये हे कुणी सहसा सांगत नाही.

आणि पाच वर्षांनी? २०१८-१९ मध्ये घेतलेल्या गाड्यांची मुदत २०२३-२४ मध्ये संपली. तेव्हा दहावीत असलेली मुलं आज त्याच गाड्या कॉलेजला नेतायत. दरवर्षी रिन्यू करायची सवय पाच वर्षांत मोडलेली. मेसेज गेला तरी बाबांच्या जुन्या नंबरवर. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या फेब्रुवारी २०२४ च्या अहवालातही देशातल्या निम्म्याहून जास्त गाड्या विम्याविना आहेत, हेच चित्र आहे. कोर्टाचा आदेश होऊन साडेपाच वर्षं झाली होती तेव्हा.

पकडलं गेलं तर पहिल्यांदा २ हजार, दुसऱ्यांदा ४ हजार दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं एक वेळ जाऊ दे. विमा नसलेल्या गाडीने कुणाचा जीव गेला, तर वरचे २२ लाख ६८ हजार गाडीच्या मालकाने भरायचे असतात. मालक म्हणजे बाबा. अशी गाडी सोडून न देता तिचा लिलाव करून पैसे भरपाईकडे वळवण्याचा नियम दिल्लीत होता, तो सगळ्या राज्यांनी करावा असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं. पण वापरलेल्या स्कूटरच्या लिलावात मिळून मिळून किती मिळणार? उरलेल्या रकमेसाठी तुमचं घर आणि समोरच्याचं घर, दोन्ही वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखांना.

डबलसीटवाल्या मित्रासाठी एक दिलासा आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. त्याला पॉलिसीचा प्रकार विचारला जात नाही. पाय मोडला तर सुरुवातीचा खर्च निघेल. सहा महिन्यांची फिजिओथेरपी, हुकलेली परीक्षा, कामावरून गेलेले दिवस, याचा प्रश्न तसाच राहतो.

तुमच्या गाडीचं काय, हे बघायला दोन मिनिटं लागतात. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. पॉलिसीची पीडीएफ घरी कुणाच्या तरी ईमेलमध्ये असेल, तिच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी शोधा: थर्ड पार्टीची शेवटची तारीख, ओन डॅमेजची शेवटची तारीख (ती वेगळी असते) आणि वर ‘पॅकेज’ लिहिलंय की ‘लायबिलिटी ओन्ली’. मागे कुणी बसणार असेल तर रिन्यू करताना ८४३ रुपयांवर थांबू नका, पॅकेजचा भाव विचारा. इथे कंपन्यांची खरी स्पर्धा असते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी बघा, घासाघीस करा. पीयूसी संपलीय म्हणून रिन्यूअल अडवलं जायचं, ती अट सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये काढून टाकली, तेव्हा ते कारणही उरलं नाही. पीयूसीचा दंड मात्र वेगळा बसतो.